खालचं बी जरा घ्या की: मराठवाड्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना एका पार्लरवालीचं खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक माझ्या दातात असतं. त्यामुळं मला बोलता येत नाही, आणि मी बोलत नाही म्हणून समोरची बाई बोलते. मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी गालाची कातडी ताणून धरलेली. त्या अवस्थेत ती जे सांगते ते तुमच्या ओपीडीत सांगत नाही. तिथं बाकड्यावर शेजारी सासू असते, दारात शिपाई असतो आणि मागं चाळीस जणांची रांग. एकोणीस वर्षं मी हे ऐकत आलेय. आज दोरा बाजूला ठेवून लिहितेय.

माझं पार्लर परभणी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. एक खुर्ची, एक आरसा, आत पडद्यामागं एक बाकडं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या दुपारपर्यंत लोक माझ्या खुर्चीत कोण कोण बसतं याचा हिशोब लावतील.

आयब्रोला येणारी बाई बाहेरच्या खुर्चीत बसते. दुसरी एक असते, ती आल्या आल्या पडदा बघते. आयब्रो करून घेते, पैसे काढते, दारापर्यंत जाते आणि तिथून वळून म्हणते, "ताई, खालचं बी जरा घ्या की." खालचं म्हणजे हनुवटी. हा शब्द माझ्यापाशी फार थोड्या जणींनी उच्चारलाय. कॉलेजच्या पोरी स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधतात तो उन्हासाठी, असं सगळ्यांना वाटतं. माझ्याकडं दोघी-तिघी अशा आहेत की वर्गातसुद्धा सोडत नाहीत.

सगळ्यांनाच आजार असतो असं माझं म्हणणं नाही. ओठावरची मऊ लव, गालावरची फिकट लव बहुतेक बायकांना असते आणि ती काढली काय, ठेवली काय, सारखंच. मी सांगतेय ते काळ्या, राठ केसांचं. हनुवटीखाली, जबड्याच्या कडेनं, कुणाला छातीच्या मधोमध, कुणाला बेंबीखाली रेघ. दोऱ्याला फरक लगेच कळतो. लव घसरून येते. राठ केस अडतो, टचकन आवाज होतो, मुळाशी पांढरा बोंडूक दिसतो आणि कातडीवर रक्ताचा ठिपका उरतो. ज्या पोरीला महिन्यातून एकदा आयब्रोला यावं लागतं, तीच हनुवटीसाठी आठवड्याला येते. तीस रुपये दर आहे. महिन्याचे एकशे वीस ती कुठून काढते ते मी विचारत नाही.

हे सगळं मला एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी शिकवलं, चिठ्ठीच्या पाठीमागं बाईची आकृती काढून. फेरिमन आणि गॅलवे या दोघांनी 1961 साली केसांची मोजदाद करायची रीत मांडली. आता त्यात अंगावरच्या नऊ जागा बघतात, प्रत्येक जागेला 0 ते 4 गुण, सगळे मिळून 36. साधारण 8 किंवा त्याच्या वर गेलं की हर्सुटिझम म्हणतात, म्हणजे बाईच्या अंगावर पुरुषासारखे राठ केस येणं; काही देशांतल्या बायकांसाठी ही रेघ आणखी खाली धरतात. ऐकून मला हसू आलं. म्हटलं, मॅडम, आमची पोरगी तुमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं येऊन जाते. दवाखान्यात जायचं म्हणजे तोंड स्वच्छ पाहिजे. तुम्ही गुण देणार शून्य. तेव्हापासून त्या आधी विचारतात: काय काढतेस, कशानं काढतेस, किती दिवसांनी? तुमच्या डॉक्टरांनीही नुसतं बघू नये, हे विचारावं. माझ्या पत्रातलं एवढंच वाक्य कुणी भिंतीवर लावलं तरी चालेल.

माझं स्वतःचं सांगते, म्हणजे मी कशाला मधे पडतेय ते कळेल. सोळाव्या वर्षी माझ्या हनुवटीवर केस यायला लागले. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी यायची. आईला त्यात बरंच वाटायचं, दर महिन्याला बाजूला बसायचं वाचतंय म्हणून. आणि मान काळी होती, मळ बसल्यासारखी, हात लावला तर मखमलीसारखी. केसांना हळद-बेसन-साय, पाळीला तीळ-गूळ, मानेला वजरी. तीन तक्रारींना तीन उपाय. वजरीनं घासून मान सोलून निघायची, काळी ती काळीच. आत्या म्हणायची, पोरगी बापावर गेली. ब्लेड लावायची तर सक्त मनाई, दाढी उगवेल म्हणून. (उगवत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून खुंट हाताला राठ लागतो. मुळाला ब्लेडची खबरही नसते. दोऱ्यानंही केस वाढत नाहीत. हे मी धंद्यासाठी सांगत नाही, हवं तर घरी ब्लेड लावा आणि माझे तीस रुपये वाचवा.) थ्रेडिंगचा कोर्स मी धंदा म्हणून केला असं सगळ्यांना वाटतं. मी तो माझ्या हनुवटीसाठी केला.

अडतिसाव्या वर्षी पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर शुगर निघाली. त्या वेळी या डॉक्टरबाईंनी मानेकडं बघून मागचं सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "हे सोळाव्या वर्षीच दिसत होतं की." केस, पाळी आणि मान ही एकाच गोष्टीची तीन तोंडं होती. बावीस वर्षांत मी दोन बाळंतपणं केली, चार दवाखाने फिरले, पण तिन्हीकडं एकदम कुणी बघितलं नाही.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं. पुरुषी म्हणतात ती हार्मोन्स प्रत्येक बाईच्या अंगात थोडी असतातच. ओव्हरीतून, म्हणजे अंडाशयातून येतात आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी असते तिथून येतात. अंगात इन्सुलिनचं काम नीट होईना की शरीर ते जास्त सोडतं, आणि जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला ही हार्मोन्स जास्त बनवायला लावतं. ती केसाच्या मुळाशी पोचली की लवेचा राठ केस होतो. याचं नाव पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. राठ केसांच्या दहा जणींमध्ये सात-आठ जणींचं कारण हेच असतं. पाळी वर्षानुवर्षं लांबत राहिली तर गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं, पुढं त्यात कॅन्सरचा धोका वाढतो. शुगरचं तर मी जिवंत उदाहरण आहे. 1935 साली शिकागोच्या स्टीन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी हा आजार लिहून ठेवला. तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती.

काहींची पाळी व्यवस्थित असते, रक्तातही काही निघत नाही. कातडीच हार्मोनला जास्त दाद देते, आईला असतं, मावशीला असतं. त्यांना घाबरवायचं कारण नाही. काहींच्या किडनीवरच्या त्या ग्रंथीत जन्मापासून एक एंझाइम कमी असतं, ते सकाळच्या रक्ताच्या एका तपासणीत कळतं. आणि क्वचित एखादी असते जिला एक दिवसही थांबवू नये. माझ्याकडं बावन्न वर्षांची एक बाई यायची, फक्त आयब्रोला. पाळी जाऊन दोन-तीन वर्षं झालेली. चार महिन्यांत तिची हनुवटी भरून आली, कपाळावरचे केस मागं गेले, आवाज घोगरा झाला. हसत सांगत होती, "भावाचा फोन आला, मी हॅलो म्हणलं तर म्हणतोय, दाजी, जरा अक्काला द्या." मी दोरा सोडला. तिला त्याच आठवड्यात मेडिकल कॉलेजला धाडलं. ओव्हरीत गाठ होती, काढली, आता बरी आहे. केस हळू, वर्षानुवर्षांत आले तर वेळ असतो. महिन्या-दोन महिन्यांत भरभरून आले, आवाज बदलला, तर नसतो. हा फरक मला कळतो, तो गावोगाव फिरणाऱ्या आशाताईला का सांगितला जाऊ नये?

आता माझी तक्रार. गेल्या सात-आठ वर्षांत मी कितीतरी पोरी दवाखान्यात पाठवल्या. बहुतेक परत आल्या त्या एकच निरोप घेऊन: "लगीन झाल्यावर जाईल म्हणले." लग्न झालेल्या आल्या त्या म्हणाल्या, "लेकरू झाल्यावर जाईल म्हणले." मग लेकरू होईना म्हणून सोनोग्राफी होते आणि पीसीओएस हे नाव त्या पोरीला तिथं पहिल्यांदा कळतं, तेही वांझ म्हणवून घेत असताना. कुणाला चाळिशीच्या आत पिशवी काढायचा सल्ला मिळतो. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळापर्यंत गेला, समिती बसली. आपल्या भागात पाळीची तक्रार म्हटली की हात कुठं जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. हार्मोन ओव्हरीतून येतं. पिशवी काढून हनुवटीचा एक केस कमी होत नाही.

जिथं डॉक्टर चांगले भेटतात तिथं वेगळीच अडचण होते. बारावीची एक पोरगी. डॉक्टरांनी वजन बघितलं, रक्त, सोनोग्राफी सगळं नीट केलं आणि बरोबर गोळी दिली. सरकारी, फुकटची, माला-एन, म्हणजे एरवी दिवस जाऊ नयेत म्हणून देतात ती. पाकीट हातात दिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. घरी वहिनीनं पाकीट ओळखलं, कारण तिलाही आशाताईनं तेच दिलेलं. संध्याकाळपर्यंत आईला कळलं, रात्री बापाला. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद आणि पंधरा दिवसांत स्थळं बघायला सुरुवात. आई माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. "ताई, तुमी पाठवलं म्हणून हे झालं," एवढंच म्हणाली. मी तिला पडद्यामागं बसवून तासभर समजावलं की ही गोळी पाळी वळणावर आणते, ओव्हरीला जरा विसावा देते, रक्तातलं मोकळं फिरणारं हार्मोन बांधून ठेवते. हर्सुटिझमला पहिलं औषध हेच देतात, मग पोरगी लग्नाची असो नाहीतर बिनलग्नाची. तिला पटलं की नाही, माहीत नाही. पाकीट चुलीत गेलं होतं.

डॉक्टरांची दोन मिनिटं, आईला आत बोलावून सांगितलेली, एवढ्यानं ते कॉलेज वाचलं असतं. पाकिटावर आधी डॉक्टरांनी हातानं "पाळी व केसांसाठी" असं लिहून सही केली तरी वहिनीचं तोंड बंद होतं. शिवाय बीपी, रक्ताच्या गाठी, डोळ्यांपुढं चमकणारी अर्धशिशी यांची विचारणा केल्याशिवाय ही गोळी द्यायची नसते, म्हणजे बोलायला तर लागतंच.

दुसऱ्या गोळीची गत याहून मजेशीर. स्पायरोनोलॅक्टोन. पहिल्या गोळीनं सहा महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर जोडीला देतात. मेडिकलवाला काउंटरवरून ओरडतो, "ही तर बीपीची आहे, तुला कशाला?" चार लोक बघतात, पोरगी गोळी न घेता घरी. बरं, ही गोळी चालू असताना दिवस जाता कामा नयेत, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. आणि आपल्याकडं वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे. नव्या नवरीला ही गोळी लिहून देताना यातलं काहीच विचारलं जात नसेल तर ती चिठ्ठी न लिहिलेली बरी. आणि दोन्ही गोळ्यांना सहा महिने लागतात, कारण उगवलेला केस आपलं आयुष्य पुरं केल्याशिवाय जात नाही. हे न सांगितल्यानं पोरी दीड महिन्यात गोळी सोडतात आणि सगळ्यांना सांगतात, काही उपयोग नाही.

मलमाचं तर बोलूच नये. नायट्याचं म्हणून, वांगाचं म्हणून, गोरं व्हायचं म्हणून ज्या ट्यूबा विकल्या जातात, त्यातल्या कितीतरींत स्टिरॉइड असतं. आठ दिवस चेहरा उजळतो. सहा महिन्यांनी कातडी कागदासारखी पातळ, लाल, उन्हात झोंबणारी, आणि गालभर नवे केस. कापूस वेचायला जाणारी एक बाई दोन वर्षं अशी ट्यूब लावत होती आणि मला म्हणत होती, "केस तुमच्या दोऱ्यामुळं वाढायलेत." 2018 साली केंद्रानं अशी आणखी मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत घातली. आमच्या गावात ती आजही बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळतात. हे काम अन्न व औषध प्रशासनाचं आहे, तुमचं नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही त्यांना पत्र लिहिलं तर ते वाचतील. माझं कोण वाचणार?

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी हनुवटीला वॅक्स लावायचे. फोड आले, केस कातडीत वळले, काळे डाग पडले. एका पोरीला ब्लीच जास्त वेळ ठेवलं आणि तिची हनुवटी भाजली. तिच्या आईनं मला शिव्या दिल्या त्या बरोबर दिल्या. मला शिकवलंच नव्हतं कुणी, आणि तालुक्यातल्या कुठल्याच पार्लरवालीला आजही शिकवत नाही.

लेझरचं थोडक्यात. नांदेड, लातूर, संभाजीनगरला खासगीत होतं, एका वेळचे काही हजार, आणि सहा-सात वेळा तरी जावं लागतं. सोयाबीनच्या भावात ते बसत नाही. त्यात आपली कातडी सावळी. चुकीच्या मशीननं भाजते, लांब तरंगाचं एनडी-याग मशीन लागतं. पांढऱ्या केसाला लेझर धरतच नाही. हार्मोनकडं न बघता नुसतं लेझर केलं तर केस परत येतात आणि गेलेले पैसे काही परत येत नाहीत. सरकारी मेडिकल कॉलेजांत त्वचेचे विभाग आहेत. ज्यांच्याकडं मशीन आहे त्यांनी वार आणि दर बाहेर फळ्यावर लिहावा. आम्ही आमच्या आरशाला चिकटवू.

मागणं फार मोठं नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी बाईडॉक्टर बसेल आणि केस, पाळी, वजन, शुगर एकाच टेबलावर बघितलं जाईल. दारावर "वंध्यत्व" किंवा "कुटुंब नियोजन" लिहू नका, बिनलग्नाची पोरगी त्या दाराशी उभी राहणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यात एक महिला डॉक्टर असतेच; आठवीपासूनच्या मुलींना तिनं वेगळ्या खोलीत घेऊन पाळी किती दिवसांनी येते एवढं विचारावं आणि मान बघावी. वर्गात नाही, वेगळ्या खोलीत. आणि आम्हा पार्लरवाल्यांना एकदा अर्धा दिवस जिल्ह्याला बोलवा. येण्याजाण्याचं तिकीट आम्ही काढू. काय बघायचं, कुणाला घाई करायची, काय लावू नये, एवढं शिकवा आणि चिठ्ठ्यांचं एक पुस्तक द्या, म्हणजे आम्ही पाठवलेल्या पोरीला "कुणी सांगितलं तुला?" असं विचारून कुणी हसणार नाही.

एक पोरगी आहे. नववीत. दर बुधवारी शाळा सुटल्यावर येते, दप्तर पाठीवर तसंच असतं, तीस रुपये मुठीत घट्ट धरल्यानं ओले झालेले. पाळी चार महिन्यांपूर्वी आली होती, मान माझ्यासारखी. आई ऊसतोडीला गेली आहे, गुढीपाडव्याच्या आसपास परत येईल; घरी आजी आहे आणि आजी वजरी वापरते. गेल्या बुधवारी पोरीनं मला विचारलं, "मावशी, मी मुलगाच होणार आहे का?" दोरा दातात होता. मी मानेनंच नाही म्हटलं.

ती परवा पुन्हा येईल. तिला कुठल्या वारी, कुठल्या खोलीत पाठवू, तेवढं कळवा.

आपली,
एक पार्लरवाली
जि. परभणी